नाच पुढं, खरी गोष्ट मागं

संपादक महोदय,

हिपहॉप म्हणजे नुसती शिवीगाळ आणि दणदणाट असं आपल्याकडं सर्रास बोललं जातं, पण अमेरिकन रॅपर चाइल्डिश गॅम्बिनोचा 2018 चा ‘धिस इज अमेरिका’ हा व्हिडिओ एकदा आवाज बंद करून बघा, मग कळंल त्यात किती डोकं लावलंय ते. दिग्दर्शक हिरो मुराई, जागा एक भलंमोठं गोडाऊन, शॉट लांबलचक. पुढं गॅम्बिनो आणि शाळेच्या ड्रेसमधली पोरं मस्त नाचतायत आणि मागं पळापळ, दंगल, पांढऱ्या घोड्यावरचा स्वार, पण कॅमेरा नाचणाऱ्यांनाच धरून राहतो त्यामुळं आपलंपण मागं लक्षच जात नाही, आणि तोच तर मुद्दा आहे!

बंदुकीचा सीन तर अंगावर येतो. गोळी झाडल्या झाल्या एक पोरगा लाल कापड घेऊन येतो, बंदूक त्यात अलगद ठेवून घेतो, आणि ज्याला गोळी लागली त्याला मात्र फरफटत नेतात. पुढं कॉयरवरचा, म्हणजे चर्चमध्ये एकत्र गाणाऱ्या मंडळींवरचा, गोळीबार बघून 2015 चं अमेरिकेतल्या चार्ल्सटनच्या चर्चमधलं हत्याकांड आठवतं.

विष्णुदास भाव्यांनी 1843 ला ‘सीतास्वयंवर’ केलं ते आपल्या सांगलीतच, स्टेजवर पुढं कोण मागं कोण हे बघायची नजर इथल्या माणसाला आहेच, मग इथल्या नाट्यसंस्थांनी कॉलेजच्या पोरांना असे व्हिडिओ थांबवत थांबवत दाखवायला काय हरकत आहे? आणि तुमच्या पुरवणीतपण सिनेमाच्या परीक्षणाशेजारी म्युझिक व्हिडिओला थोडी जागा द्या ही विनंती.

– एक वाचक, विश्रामबाग, सांगली