पंचबोलची वाट राखणाऱ्यांचे आभार

इंग्लंडच्या सरे परगण्यात हाइंडहेडहून निघून, २७२ मीटर उंचीच्या गिबेट हिलवरून डेव्हिल्स पंचबोल या वाडग्यासारख्या खोलगट दरीतल्या जंगलात उतरणारी आणि फिरून परत येणारी सोपी वाट राखणाऱ्या अनाम स्वयंसेवकांनो, मनापासून आभार! हेदर या जांभळ्या फुलांच्या बुटक्या झुडपांच्या माळावरची बर्च झाडांची रोपं तुम्ही पेन्सिलीएवढी असतानाच मुळासकट उपटता. नुसती छाटली तर बुंध्यातून पुन्हा फुटतात आणि काही वर्षांत माळाचं रान होतं. वरची वाळू कोरडी ठणठणीत असली, तरी तिच्यातून झिरपलेलं पाणी खालच्या चिकणमातीवर अडून झऱ्यांवाटे बाहेर पडतं. त्यामुळे तळाशी चिखल हमखास. तिथले चर उपसणं हे सर्वांत किचकट काम, आणि कुणाच्या लक्षातही न येणारं. २०११मध्ये वाहतुकीसाठी जमिनीखालचा बोगदा सुरू झाल्यावर इथून जाणारा जुना ए-३ हा मोठा रस्ता उखडला गेला. आता तिथं ऑगस्टमध्ये हेदर फुलतं. फिरायला येणाऱ्यांनी मार्च ते जुलै कुत्री साखळीतच ठेवावीत, कारण इथले पक्षी जमिनीवर घरटी करतात.