वाडी विकायचं एवढ्यात नको रे

चि. अमेय, अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालास की श्रीवर्धनची नारळ-सुपारीची वाडी विकून टाकू, मामा एकटा किती दिवस करणार. तेव्हा मी गप्प बसले कारण बोलताना रडूच आलं असतं, म्हणून हे टाइप करतेय, नीट वाच.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा तू बंगलोरला होतास. पुण्यातपण झाडं पडली, आपल्या सोसायटीची लाइट गेली, पण ते काहीच नव्हतं रे. तिकडे भर दुपारी तासाला शंभर किलोमीटरच्या वर वारा, मामाचा फोन लागेना, त्यात लॉकडाऊन, ई-पास मिळाल्यावर बाबा नि मी ताम्हिणीतून गेलो तर वाडीत शिरायलाच जागा नाही. सुपारीच्या पोफळी मधेच मोडून एकमेकींवर आडव्या, माड मुळासकट उपटलेले, आणि खाली जमिनीवर लख्ख ऊन. माझ्या लहानपणी मे महिन्यातसुद्धा त्या वाडीत असं ऊन खाली पोचायचं नाही. ज्या पोफळी उभ्या राहिल्या त्यांचीपण सावली गेली, मग खोडं उन्हाने करपली. आजोबांच्या हातची झाडं होती ती.

सरकारने हेक्टरी 50 हजार जाहीर केले, ऐकायला बरं वाटतं, पण तिथे वाड्या गुंठ्यांत असतात ना, दहा गुंठ्यांचे होतात पाच हजार! मोडलेली झाडं तोडून बाहेर काढायची मजुरीच त्याहून जास्त.

तरी मामाने सोडलं नाही. आधी सावलीसाठी केळी लावल्या, मग त्यांच्या आडोशाला पोफळीची रोपं. सुपारी धरायला सहा-सात वर्षं जातात अमेय, वादळाला एक दुपार पुरली. आणि आता कुठे काही झाडांना पोय, म्हणजे फुलोरा, आलीय, मामाने फोटो पाठवला होता, तू बघितलास का? आज विकली तर घेणारा कॉटेज बांधणार, हे सगळं कापून टाकणार, मला ते बघवणार नाही.

पैशाचं तुझं म्हणणं मला कळतं, पण निदान सुपारी उतरवेपर्यंत हा विषय नको. या रविवारी मामाला फोन कर. विहिरीवरचा पंप बिघडलाय, तो स्वतःहून सांगणार नाही, तूच विचार.

तुझी आई