भुकेलाही इष्टांक असतो का, मंत्रिमहोदय?

मा. मंत्रिमहोदय,
अन्न व नागरी पुरवठा खाते, महाराष्ट्र राज्य
यांना कोल्हापूरहून सप्रेम नमस्कार.

आपला वेळ मोलाचा आहे, म्हणून रेशनच्या धान्याबद्दल थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. ते जमणार नाही, आधीच माफी मागते.

शनिवारी संध्याकाळी आमच्या धान्यपेटीवरून एक म्हातारी रिकामी पिशवी घेऊन परत गेली. तूरडाळ संपली होती, तांदळाच्या पोत्यात तळाला कणी तेवढी राहिली होती. ती कणी द्यायला माझा हात होईना. "असू दे आक्का, मी पुढच्या शनवारी येतो," म्हणाली आणि मलाच पाठीवर थोपटून गेली. रात्री मला जेवण गेलं नाही.

धान्यपेटी म्हणजे काय ते सांगते. तालमीच्या तळमजल्यावर एका खोलीत आम्ही आठ-दहा बायका दर शनिवारी शिधा देतो. सुरुवात पत्र्याच्या एका ट्रंकेपासून झाली, म्हणून नाव पेटीच राहिलं. गल्लीत घरटी रोज एक मूठ तांदूळ बाजूला निघतो. कर्मवीर भाऊराव पाटील आमच्याच जिल्ह्यातल्या कुंभोजचे. त्यांच्या बोर्डिंगातली पोरं मुष्टीफंडावर जेवली, ती गोष्ट इथं घराघरांत माहीत आहे, त्यामुळे मूठ मागायला लाज वाटली नाही. लक्ष्मीपुरीतले दोन-तीन व्यापारी फुटलेल्या पोत्यातला माल पाठवतात. हंगामात एका गुऱ्हाळातनं गुळाची ढेप येते. आम्ही एकच विचारतो, घरात खाणारी तोंडं किती? नाव लिहीत नाही, कार्ड बघत नाही. पिशव्या बाजाराच्या असतात तशाच साध्या, म्हणजे वाटेत कुणाला कळू नये की हिनं मागून आणलंय.

ही काळजी का घेतो, तर मी स्वतः त्या रांगेत उभी राहिले आहे. ऑगस्ट २०१९ च्या पुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४३. आमचं घर नाल्याकाठी, पाणी माळ्याला टेकलं. एका मंगल कार्यालयात आठ दिवस काढले. कुणा परक्या गावानं पाठवलेली पिशवी हातात पडली, त्यात तांदूळ, डाळ, मीठ आणि काडेपेटी. काडेपेटी ठेवणाऱ्या त्या बाईला मी अजून दुवा देते, कारण आमच्याकडे चूल पेटवायलाही काही नव्हतं. पण पिशवी घेताना फोटो काढला गेला आणि मी पदर तोंडावर ओढला, तेही विसरले नाही.

आता त्या म्हातारीचं. नवरा नाही, मुलगा-सून नाहीत, पदरात दोन नातवंडं. दोन घरची धुणीभांडी करून महिन्याला साडेचार हजार मिळतात. वर्षाचे झाले ५४ हजार. शहरात प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे रेशनचं धान्य मिळणाऱ्या गरीब घरासाठी, वर्षाच्या उत्पन्नाची मर्यादा ५९ हजार. म्हणजे ती तुमच्या नियमात बसते. कार्ड केशरी आहे, पण त्यावर धान्य नाही. गेल्या वर्षी आमच्या भागात रेशनचं शिबिर झालं. मांडव, खुर्च्या, हार. व्यासपीठावरून माईकवर सांगितलं, महिन्याभरात नावं चढतील. तिनं अर्ज भरला. मीच भरून दिला. ती पावती तिनं जोतिबाच्या तसबिरीमागे जपून ठेवली आहे, घडीवर गुलाल लागून कागद गुलाबी झालाय.

महिन्याचं वर्ष झालं. मागच्या आठवड्यात तिला घेऊन मी चौकशीला गेले. तीन टेबलं झाली. शेवटच्या टेबलावरच्या साहेबांनी मान वर न करता सांगितलं, "इष्टांक शिल्लक नाही. यादीतलं कुणाचं नाव कमी झालं की बघू." नाव कमी कशानं होतं, साहेब? माणूस गाव सोडून गेला तर, नाहीतर मेला तर. म्हणजे या म्हातारीनं दुसऱ्या कुणा गरिबाच्या मरणाची वाट बघत बसायचं का? बाहेर आल्यावर तिनं विचारलं, "इष्टांक म्हंजे काय गं आक्का?" मी काय सांगणार होते तिला?

मी घरी येऊन नातवाला मोबाइलवर शोधायला लावलं. अन्न सुरक्षा कायदा २०१३ चा. महाराष्ट्राला ७ कोटी १६ हजार माणसांचा इष्टांक, म्हणजे एवढ्याच माणसांना या कायद्याचं धान्य, खेड्यातल्या ७६.३२ टक्के आणि शहरातल्या ४५.३४ टक्के लोकांना. आणि हे सगळं २०११ च्या जनगणनेवर! २०२१ ची जनगणना झालीच नाही. २०११ ला जन्मलेलं पोर दहावीच्या वयाला आलं, त्याच्या मागून जन्मलेले जेवत नाहीत असं सरकारला वाटतं का? आमच्या पेटीवर येणाऱ्या तीन घरांपैकी एक तरी केशरी कार्डवालं असतं, हा माझा शनिवारचा हिशेब आहे, मंत्रालयातला नाही.

ज्यांना रेशन मिळतं तेही महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्याकडे येतात. माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला १६६ ग्रॅम. डाळ नाही, तेल नाही. २०२२ च्या दिवाळीत १०० रुपयांत रवा, चणाडाळ, साखर, पामतेल दिलंत, बायका खूश झाल्या, मीही झाले. पण डाळ काय फक्त दिवाळीलाच लागते?

आणि माझं ऐकाल? आमच्या ह्यांनी उद्यमनगरात तीस वर्षं फौंड्रीत काढली. बोटांच्या रेघाच झिजल्यात. रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटत नाही. साबणानं धुऊन या, उद्या या, रेंज नाही, परवा या. चार-चार हेलपाटे घालून घरी येतात आणि अंगठा न्याहाळत बसतात, जणू त्यांनीच काही चोरलंय. भट्टीपुढं राबला म्हणून माणसाला ओळख उरली नाही, ही कसली रीत? माझी पाठ गेली पोती ओढून. गेल्या वर्षी एक पाटली मोडून पेटीत डाळ भरली, सुनेनं महिनाभर बोलणं टाकलं. तिचं काय चुकलं? हे काम माझं नव्हेच, तुमचं आहे!

सभेला येता तेव्हा शाहू महाराजांच्या भूमीला वंदन करता. १८९६-९७ च्या दुष्काळात त्याच महाराजांनी स्वस्त धान्याची दुकानं उघडली, निराधारांसाठी आश्रम काढला. संस्थानाची तिजोरी केवढी आणि तुमची केवढी? रस्त्याचा खड्डा असो, पुराची भरपाई असो, रेशन असो, सगळीकडे तेच. वरचा म्हणतो खालून आलं नाही, खालचा म्हणतो वरून आलं नाही, मधे माणूस झेरॉक्स काढत फिरतो. निवडणुकीच्या वेळी मात्र याच म्हातारीचं घर कुणालाही न चुकता सापडतं, यादीत नाव सापडतं, रिक्षासुद्धा दारात येते.

इष्टांक आजच्या लोकसंख्येवर वाढवून घ्या, दिल्लीशी भांडायचं असेल तर भांडा. तोवर उत्पन्नात बसणाऱ्या केशरी कार्डांना राज्याच्या पैशातून धान्य द्या. अंगठा उमटत नाही म्हणून एकही माणूस दुकानातून परत जाता कामा नये. आणि नाकारलंत तर कारण लेखी द्या, सही-शिक्क्यानिशी.

म्हातारीच्या पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. मूळ पावती तिनं दिली नाही, परत तसबिरीमागे ठेवली. येत्या शनिवारी ती पाच वाजता येईल. शेजारणीनं दोन किलो डाळ देते म्हटलंय, बाकीची मी बघते.

आपली,
धान्यपेटीवरची एक बाई, कोल्हापूर