जॉन्सन उभे राहणार नाहीत

मॅडिसन, विस्कॉन्सिन
१ एप्रिल १९६८

ती. बाबांना शि. सा. नमस्कार, वि. वि.

आधी आईची काळजी मिटवतो. मी विद्यार्थी व्हिसावर आहे, मला अमेरिकन सैन्यात बोलावणं येणार नाही. कायम वास्तव्याचा परवाना घेतलेल्या तरुणांना मात्र येऊ शकतं. म्हणून तूर्त त्या परवान्याचा विचारही करत नाही.

राष्ट्राध्यक्ष जॉन्सन पुन्हा निवडणुकीला उभे राहणार नाहीत, हे पेपरात वाचलंच असेल. काल रात्री आठला आम्ही घरमालकीणबाईंच्या टीव्हीसमोर होतो. त्यांचा धाकटा मुलगा व्हिएतनाममध्ये, खे सानच्या वेढा पडलेल्या अमेरिकन तळावर आहे. उत्तर व्हिएतनामच्या बऱ्याच भागावरची बॉम्बफेक थांबवतो, तिथल्या हॅनोईच्या सरकारनं बोलणी करावीत, असं सगळं सांगून झाल्यावर अगदी शेवटी जॉन्सन म्हणाले, पक्षाची उमेदवारी मागणार नाही आणि दिली तरी घेणार नाही. बाईंच्या विणकामाच्या सुया थांबल्या. त्यांनी शेल्फावरचं मुलाचं फेब्रुवारीतलं पत्र काढलं, पुन्हा वाचलं, घडी घातली आणि म्हणाल्या, "हे घरी जातील. माझा पोरगा कधी येणार?" कोणालाच उत्तर सुचेना. १९६४ साली त्यांनी जॉन्सननाच मत दिलं होतं. विरुद्ध पक्षाचे गोल्डवॉटर आले तर लढाई पेटेल, या भीतीनं. आज तिथे पाच लाखांवर अमेरिकन सैनिक आहेत.

तुम्ही विचारलंत, एवढं बलाढ्य राष्ट्र अडलं कुठे? बाबा, मला वाटतं ते घरातच अडलं. नोव्हेंबरात व्हिएतनाममधल्या अमेरिकन फौजेचे सेनापती जनरल वेस्टमोरलँड इथे येऊन सांगून गेले की शेवट दिसू लागला आहे. जानेवारी संपता संपता, टेटच्या, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, कम्युनिस्टांनी एकाच वेळी दक्षिणेतल्या शहराशहरांवर हल्ले केले, राजधानी सायगावच्या अमेरिकन वकिलातीच्या आवारात माणसं घुसली. ते हल्ले परतवले, हल्लेखोरांची अतोनात हानी झाली, हे खरं. पण नोव्हेंबरातलं बोलणं लोक विसरले नव्हते. भरवसा उडाला तो तिथे. १२ मार्चला न्यू हॅम्पशरमध्ये पक्षाचा उमेदवार ठरवण्याच्या मतदानात युद्धविरोधी सिनेटर मॅकार्थींना ४२ टक्के मतं पडली, तीही स्वपक्षाच्या राष्ट्राध्यक्षाविरुद्ध! चारच दिवसांनी रॉबर्ट केनेडीही उमेदवारीच्या शर्यतीत उतरले.

उद्या आमच्याकडे विस्कॉन्सिनमध्ये तसंच मतदान आहे. प्रयोगशाळेतल्या माझ्या सोबत्यानं मॅकार्थींच्या प्रचारासाठी दोन वर्षांची दाढी काढली. म्हाताऱ्या मतदारांनी दार तरी उघडावं म्हणून! हनुवटी पांढरीफटक दिसते, मला दोन दिवस ओळखूच येईना. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सैन्यभरतीतून मिळणारी सवलत फेब्रुवारीत जवळजवळ काढूनच घेतली. उन्हाळ्यानंतर त्याला बोलावणं येईल. काल तो आनंदानं ओरडला आणि बाईंकडे लक्ष जाताच गप्प झाला.

मला मात्र वाईटही वाटतं. काळ्या लोकांना मताचा हक्क देणारा १९६५ चा कायदा याच माणसानं करून घेतला, म्हाताऱ्यांच्या औषधपाण्याची सोय त्याच वर्षी केली. गरिबी हटवायला निघालेला पैसा लढाईनं खाल्ला. आता आयकरावर १० टक्के अधिभार मागतात, तर काँग्रेस, म्हणजे इथली संसद, म्हणते आधी खर्च कापा. कात्री कुठे चालेल ते उघड आहे. काळ्या लोकांचे नेते डॉ. मार्टिन ल्यूथर किंग वर्षभर हेच सांगताहेत.

एरोग्रामवरची जागा संपली. बाईंनी खे सानला पाठवायचं पार्सल बांधलंय, ते आणि हे पत्र बरोबरच टाकायला निघतो. आईला आणि ताईला नमस्कार सांगा.

तुमचा,
बाळ