अल्मोराचे पाय

शिकागो,
६ नोव्हेंबर २०१६

प्रिय मध्या,

दिवाळीच्या पत्राला उत्तर राहिलं, रागावू नकोस. आमच्या शिकागोचा बेसबॉल संघ, कब्स, वर्ल्ड सिरीज म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अंतिम मालिका जिंकला रे! १९०८ नंतर पहिल्यांदा. बुधवारपासून माझं कशातच लक्ष नाही.

खालच्या मजल्यावरचे आजोबा सामना बघायला आमच्याकडे आले होते. वय ८२. वडिलांचा हात धरून त्यांनी १९४५ ची वर्ल्ड सिरीज पाहिलेली. तेव्हा कब्स हरले, आणि पुढे ७१ वर्षं तिथवर पोचलेच नाहीत.

या वेळीही क्लीव्हलँडविरुद्ध, चार सामने जिंकणाऱ्याची मालिका, त्यात आधी १-३ असे मागे होतो. तिथून ३-३ केलं आणि क्लीव्हलँडला सातवा सामना. नऊपैकी आठव्या डावात आपण ६-३ ने पुढे, फक्त चार गडी बाद करायचे राहिलेले. आपला चॅपमन आला. ताशी शंभर मैलांनी चेंडू टाकणारा माणूस, पण रविवारी आणि मंगळवारी त्याला फार राबवलं होतं. मंगळवारी पाच धावांची आघाडी असताना त्याला आणायलाच नको होतं, हे माझं मत अजून बदललेलं नाही. आधी एक धाव गेली, मग त्यांच्या राजाय डेव्हिसने डावीकडच्या भिंतीवरून दोन धावांचा होमरन मारला. ६-६! आजोबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी फक्त चष्मा काढून मांडीवर ठेवला.

नवव्या डावानंतर पाऊस. सतरा मिनिटं खेळ बंद. तेवढ्यात आपल्या जेसन हेवर्डने सगळ्या खेळाडूंना व्यायामाच्या खोलीत गोळा करून धीर दिला, हे नंतर कळलं.

आता नीट वाच, हे खास तुझ्यासाठी आहे. बरोबरीमुळे दहावा डाव झाला, त्यात आपला श्वारबर पहिल्या बेसवर पोचला (चार बेस ओलांडले की एक धाव). एप्रिलमध्ये गुडघा गेलेला, अख्खा हंगाम बाहेर काढून थेट फायनलला परतलेला पोरगा. त्याच्या जागी धावायला अल्मोरा आला. ब्रायंटने चेंडू खोल मारला, पण तो झेलला गेला. झेल होईपर्यंत बेसवर पाय ठेवून थांबायचं आणि झाला की सुटायचं, असा नियम. पहिल्यावरून दुसऱ्यावर असं कुणी सहसा जात नाही. अल्मोरा गेला! शाळेच्या मैदानावर चेंडू मिडऑफच्या हातात असताना तू एक धाव चोरायचास ना, तस्साच. त्यामुळे पहिला बेस रिकामा झाला, म्हणून क्लीव्हलँडने पुढच्या रिझोला मारूच न देता मुद्दाम पहिला बेस दिला, आणि त्याच्यानंतरच्या झोब्रिस्टने डाव्या रेषेलगत चेंडू काढला. अल्मोरा घरी, म्हणजे शेवटच्या बेसवर, धाव पूर्ण. ७-६. लोक झोब्रिस्टचं नाव घेतात, घ्यावंच, पण माझ्या लेखी सामना अल्मोराच्या पायांनी जिंकला.

माँटेरोने आणखी एक धाव आणली. त्यांनीही एक फेडली. ८-७. शेवटचा चेंडू ब्रायंटकडे हळू घरंगळत आला, त्याचा पाय ओल्या गवतावर घसरला, तरी फेकी पहिल्या बेसवरच्या रिझोच्या हातात बसली, शेवटचा गडी बाद. आजोबांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

क्लीव्हलँडचं वाईट वाटतं. तेही १९४८ पासून थांबलेत.

काल आजोबांना कब्सच्या मैदानावर, रिगली फील्डला नेलं. लोकांनी बाहेरच्या विटांवर खडूने गेलेल्या माणसांची नावं लिहिली आहेत, हात पोचेल तिथवर. जागा खालीच उरली होती. मी कोपर धरलं, ते वाकले, वडिलांचं नाव लिहिलं आणि खाली १९४५.

दहावा डाव मिळाला तर नक्की बघ. काकूंना नमस्कार.

तुझा,
अवि