शब्द अडला की लगेच ‘वय झाले’?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

विसरण्यावरचे लेख बहुतेक सत्तरी ओलांडलेल्यांसाठी असतात. पन्नाशीतल्या, अजून नोकरी करणाऱ्या माणसांचे काय? सभांची इतिवृत्ते लिहिणे हे माझे काम. हल्ली लिहिताना पुढच्या शब्दाचे अक्षर आधीच्या शब्दात घुसते, ‘तहकूब’चे ‘कहतूब’ होते, एखादा ‘आणि’ दोनदा पडतो. यातले काही डोळ्यांना लगेच खुपते. खरा धोका गळलेल्या ‘नाही’चा. वाक्य शुद्धच राहते आणि ठरावाचा अर्थ उलटतो! म्हणून मी इतिवृत्त आता दुसऱ्या दिवशी, मोठ्याने वाचूनच पुढे पाठवते.

बोलण्यात निराळी तऱ्हा. समोरच्या माणसाचे आडनाव ‘क’ने सुरू होते, तीन अक्षरी आहे आणि ‘कदम’ नक्की नाही, एवढे सगळे ठाऊक असते. तरी मेला तो ‘कदम’च पुन्हा पुन्हा पुढे येतो. रॉजर ब्राऊन आणि डेव्हिड मॅकनील या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९६६ साली नेमक्या याच अवस्थेवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. विरळ शब्दाचा अर्थ वाचून दाखवायचा आणि शब्द ओळखायला लावायचा. अडलेल्यांना शब्द सांगता येईना, पण त्याचे पहिले अक्षर पुष्कळदा सांगता येत होते. आणि ही मंडळी म्हातारी नव्हती, कॉलेजातली मुले होती! वयाबरोबर हे अडणे वाढते, विशेषतः माणसांच्या नावांचे, हे खरे. पण शब्दसाठा काही पन्नाशीत आटत नाही. अर्थ जागेवर असतो, उच्चारापर्यंत पोचणे तेवढे अडते.

तरीही ‘वय झाले’ म्हणून सोडून देण्याला माझा आक्षेप आहे. एका डॉक्टरांनी मला एवढेच ऐकवून परत पाठवले. दुसऱ्यांनी झोपेची चौकशी केली, रोजच्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडायला लावल्या, थायरॉइड आणि बी१२ जीवनसत्त्व तपासून घेतले. या दोन्हींच्या कमतरतेने डोके मंद चालू शकते. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे बी१२ घटू शकते, हे तर ती गोळी लिहून देतानाच सांगायला हवे. झोपेत घोरताना श्वास अडकणे आणि मनाची उदासी हीही कारणे असू शकतात. पाळी जाण्याच्या काळात शब्द न सुचण्याची तक्रार अनेक बायका करतात, आणि ती घरात हसण्यावारी नेली जाते. माझ्या बाबतीत तपासण्या ठीक निघाल्या. संशय गेला तो ॲलर्जीसाठी रोज रात्री घेतलेल्या, झोप आणणाऱ्या जुन्या पठडीतल्या गोळीवर. डॉक्टरांनी ती बदलून दिल्यावर बोलणे बरेच सुधारले. लिहिताना ‘नाही’ मात्र अजून गळतो.

एक फरक सर्वांनी लक्षात ठेवावा. बोलता बोलता अचानक शब्द फुटेनासे झाले, तोंड वाकडे झाले किंवा हात लुळा पडला, तर तो पक्षाघात असू शकतो. गुठळी विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते, म्हणून थेट रुग्णालय गाठावे. हळूहळू वाढत जाणारा त्रासही, विशेषतः दुसऱ्याने शब्द सांगूनसुद्धा त्याचा अर्थ लागेना अशी वेळ येऊ लागली, तर मेंदुविकारतज्ज्ञाला दाखवावा. जाताना त्रास केव्हापासून आहे आणि त्या सुमारास कोणती गोळी सुरू झाली, हे कागदावर लिहून न्यावे.

सहकाऱ्यांनाही एक विनंती. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या २००८ च्या प्रयोगात असे दिसले, की अडलेल्या शब्दाशी जितका वेळ झटावे तितका तो पुढच्या वेळीही अडण्याचा संभव वाढतो. तेव्हा ‘आठव, आठव’ म्हणून गंमत बघत बसू नका. माहीत असेल तर शब्द सांगून टाका.

आपली,
एक वाचक