त्या ५३७ मतांबद्दल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीत निवडणुकांवरच्या परदेशी मालिका आणि टीव्हीपटांची यादी आली होती, त्यात २००० सालच्या अमेरिकन राष्ट्राध्यक्षपदाच्या बुश विरुद्ध गोर निवडणुकीवरच्या 'रीकाउंट'चं नाव बघून फार बरं वाटलं. पण त्याच्यापुढे जी दोन ओळींची माहिती आहे, "फ्लोरिडात ५३७ मतांनी हरलेल्या अल गोर यांची कथा", ती वाचून राहवलं नाही म्हणून हे पत्र लिहितोय. तो टीव्हीपट मी तीनदा बघितलाय, आणि त्यात जे दाखवलंय ते नेमकं या वाक्याच्या उलट आहे.

आधी माझं सांगतो. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होतो आणि शिक्षक म्हटलं की इलेक्शन ड्युटी आलीच. १९९६ च्या लोकसभेला मतमोजणीच्या टेबलवर होतो, तेव्हा मशीन नव्हती, मतपत्रिका होत्या. पेट्या उघडायच्या, पत्रिका सरळ करायच्या, पन्नास-पन्नासचे गठ्ठे बांधायचे, मग उमेदवाराप्रमाणे कप्प्यात टाकायच्या. हे काम सोपं वाटतं, पण शंभरात दोन-तीन पत्रिका अशा निघतातच की हात थांबतो. शिक्का दोन चिन्हांच्या मधल्या रेषेवर पडलेला, किंवा घडी घालताना ओली शाई समोरच्या चिन्हावर उमटलेली, किंवा म्हातारीने जोर लावून एकाच चिन्हावर दोनदा मारलेला. अशी पत्रिका बाजूला ठेवायची, साहेबांना दाखवायची, आणि समोर जाळीपलीकडे दोन्ही पक्षांचे प्रतिनिधी मान लांब करून बघत असतात, एक म्हणतो बाद करा, दुसरा म्हणतो अहो दिसतंय की कुणाला दिलंय ते. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलेला नियम आजही पाठ आहे, मतदाराला कुणाला मत द्यायचं होतं ते स्पष्ट दिसत असेल तर नुसता शिक्का पुसट आहे किंवा दोनदा मारलाय म्हणून मत बाद करायचं नाही.

आता बघा, फ्लोरिडाच्या कायद्यातही जवळजवळ हेच होतं, मतदाराचा हेतू स्पष्ट दिसला पाहिजे. तिथे बऱ्याच काउंटीमध्ये (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) शिक्का नव्हता, कार्ड होतं. ते एका खाचेत सरकवायचं, वर पुस्तिकेसारखी नावं, आणि नावासमोरच्या भोकातून टोच्या दाबला की कार्डातली कागदाची बारीक टिकली खाली पडायची. त्या टिकलीला तिकडे चॅड म्हणतात. ती पडली तर मशीन मत वाचणार, पण पूर्ण पडली नाही, एका कोपऱ्याला लोंबकळत राहिली, किंवा सुटलीच नाही नुसता फुगवटा आला, तर मशीन म्हणणार या माणसाने राष्ट्राध्यक्षाला मतच दिलं नाही. पूर्ण रांगेत उभं राहून, टोच्या दाबून घरी गेलेला माणूस, आणि त्याच्या नावावर कोरं कार्ड. टीव्हीपटात मोजणीवाले कार्ड उजेडाकडे धरून डोळे बारीक करून बघतात तो सीन लागला तेव्हा मी खुर्चीतून पुढे सरकलो, तो हात मला ओळखीचा होता.

७ नोव्हेंबर २००० च्या रात्री काय झालं ते बऱ्याच वाचकांना आठवत असेल. आधी चॅनेलवाल्यांनी फ्लोरिडा गोरना दिलं, मग मागे घेतलं, मग पहाटे दोननंतर बुशना दिलं. गोरनी बुशना फोन करून अभिनंदन केलं, हार जाहीर करायला नॅशव्हिलमध्ये सभेच्या ठिकाणी पोचायला आले, आणि तेवढ्यात त्यांच्या माणसांना कळलं की फरक झपाट्याने कमी होतोय, मग पुन्हा फोन करून अभिनंदन मागे घेतलं. तिकडे राज्य जिंकणाऱ्याला त्या राज्याची ठरलेली इलेक्टोरल मतं मिळतात आणि त्यांच्यावर राष्ट्राध्यक्ष ठरतो; फ्लोरिडाची २५ इलेक्टोरल मतं ज्याची तो राष्ट्राध्यक्ष, असा हिशेब येऊन अडकला होता. सुमारे ६० लाख मतं पडली होती आणि पहिल्या मोजणीत फरक १७८४ चा. अर्ध्या टक्क्याच्या आत फरक असला की तिथे आपोआप मशीनवर फेरमोजणी व्हायची, ती झाली आणि फरक आला ३२७.

टीव्हीपट इथून पुढचे ३६ दिवस सांगतो. २५ मे २००८ ला एचबीओवर आला, दिग्दर्शक जे रोच, लेखन डॅनी स्ट्राँग यांचं. गोर आणि बुश त्यात जवळपास दिसतच नाहीत, सगळी गोष्ट त्यांच्या माणसांची आहे, आणि मला हे फार योग्य वाटलं, कारण मोजणीच्या दिवशी उमेदवार कुठेतरी घरी असतो आणि भांडण टेबलावर चालू असतं. गोर यांच्या बाजूचा वकील रॉन क्लेन (हेच पुढे बायडन यांचे चीफ ऑफ स्टाफ झाले) केव्हिन स्पेसीने केलाय. बुश यांच्या बाजूचे जेम्स बेकर टॉम विल्किन्सनने, आणि काय केलेत, आवाज न चढवता समोरच्याला कोंडीत पकडणारा माणूस. लॉरा डर्नने कॅथरीन हॅरिस केलीय. या बाई फ्लोरिडाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेट, म्हणजे निकालावर सही त्यांची, आणि त्याच बाई बुश यांच्या फ्लोरिडातल्या प्रचाराच्या सहप्रमुख, आणि राज्याचे गव्हर्नर बुश यांचे सख्खे भाऊ. आपल्याकडे मोजणीच्या टेबलवरच्या साध्या शिक्षकाला सुद्धा कुठल्या पक्षाचं काम करता येत नाही, आणि तिकडे ज्यांनी निकाल जाहीर करायचा त्याच एका उमेदवाराच्या प्रचारात.

फ्लोरिडातल्या पाम बीच काउंटीत मतदारांचा गोंधळ उडवणाऱ्या मतपत्रिकेबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण हे चुकून कसं होतं ते मतदान केंद्रावर बसलेल्या माणसालाच कळतं. वयस्कर मतदारांना वाचता यावं म्हणून अक्षरं मोठी केली, त्यामुळे नावं एका पानावर मावेनात, म्हणून डावीकडे अर्धी आणि उजवीकडे अर्धी अशी छापली आणि भोकं मधे एकाच ओळीत ठेवली. डाव्या पानावर पहिलं नाव बुश, दुसरं गोर. पण दुसरं भोक होतं उजव्या पानावरच्या पॅट ब्युकॅनन या तिसऱ्याच उमेदवाराचं, गोर यांचं तिसरं. बिचाऱ्या आजीआजोबांनी दुसरं नाव बघून दुसरं भोक पाडलं. काहींच्या लगेच लक्षात आलं म्हणून त्यांनी तिसरंही पाडलं, आणि दोन भोकं म्हणजे मत बाद. अशी एकापेक्षा जास्त भोकांची १९ हजारांहून जास्त कार्डं एकट्या पाम बीचमध्ये बाद झाली. ब्युकॅननना तिथे जवळपास ३४०० मतं पडली, आणि त्यांनी स्वतः टीव्हीवर कबूल केलं की यातली बरीचशी माझी नसणार. वाईट हेतू कुणाचाच नव्हता, म्हाताऱ्या माणसांना वाचायला सोपं जावं म्हणूनच केलं होतं सगळं, याचं मला जास्त वाईट वाटतं.

आता मूळ मुद्दा, ५३७. फ्लोरिडाच्या सुप्रीम कोर्टाने हाताने मोजायला २६ नोव्हेंबर संध्याकाळी ५ पर्यंत वेळ दिला. मायामी-डेड या काउंटीत २२ तारखेला मोजणीच्या खोलीबाहेर लोकांनी घुसून आरडाओरडा केला, दारं ठोकली, आणि त्याच दिवशी तिथल्या बोर्डाने मोजणीच बंद केली, हा सीन बघताना आजही छातीत धडधडतं. पाम बीचने मोजणी चालू ठेवली पण थँक्सगिव्हिंगची सुट्टी घेतली, आणि शेवटी साधारण दोन तास उशीर झाला, तर हॅरिसबाईंनी ती मोजणी घेतलीच नाही. म्हणजे मायामी-डेडची अर्धवट मोजणी त्यात नाही, पाम बीचची पूर्ण झालेली मोजणीही नाही, हे सगळं वगळून जो फरक उरला तो ५३७. साहेब, आमच्या तालुक्यात एखाद्या टेबलचे गठ्ठे न मोजता निकाल लावला असता तर गावातून बाहेर पडता आलं नसतं कुणाला.

मग पाम बीचची साडेचार लाखांवर कार्डं ट्रकमध्ये भरून सहाशेहून जास्त किलोमीटर लांब राजधानी टॅलाहासीला नेली, वरून चॅनेलवाल्यांची हेलिकॉप्टरं त्या ट्रकच्या मागे, आणि कोर्टात नेल्यावर जजने त्यातलं एकही कार्ड न बघता निकाल दिला. ८ डिसेंबरला राज्याच्या सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध ३ ने सांगितलं की सगळ्या राज्यातली मशीनने न वाचलेली कार्डं हाताने मोजा. ९ ला सकाळी मोजणी सुरू झाली आणि त्याच दिवशी वॉशिंग्टनच्या, म्हणजे देशाच्या सुप्रीम कोर्टाने ती थांबवली. १२ ला रात्री ५ विरुद्ध ४ ने निकाल आला, की प्रत्येक काउंटीत वेगवेगळ्या मापाने मोजणं समान न्यायाला धरून नाही आणि एकाच मापाने मोजायला आता वेळ उरला नाही. पहिली गोष्ट मला पटते, खरंच कुठे लोंबकळती टिकली चालत होती, कुठे नव्हती, पाम बीचमध्ये तर मोजता मोजता माप बदललं. पण तीन दिवस मोजणी ज्यांनी थांबवून ठेवली त्यांनीच वेळ संपला म्हणायचं, हे मला कितीही वेळा वाचलं तरी गिळता येत नाही.

एक गोष्ट दुसऱ्या बाजूचीही लिहिली पाहिजे. गोर यांच्या लोकांनी सुरुवातीला फक्त चार काउंटीत हाताने मोजा असं मागितलं, जिथे त्यांना मतं जास्त होती. २००१ मध्ये मोठ्या वर्तमानपत्रांनी मिळून राज्यातली सुमारे पावणेदोन लाख बाद कार्डं तपासून घेतली, त्यात असं निघालं की गोरनी मागितलं तेवढंच मोजलं असतं तर बुशच थोडक्यात जिंकले असते, पण सगळ्या राज्यातली सगळी बाद कार्डं मोजली असती तर गोर काही मतांनी पुढे गेले असते. म्हणजे गोर यांच्या माणसांनी सुद्धा सगळी मतं मोजा असं पहिल्या दिवशी म्हटलं नाही. टीव्हीपट क्लेनच्या बाजूने झुकलेला आहे त्यामुळे हे जेवढं टोचायला हवं तेवढं टोचत नाही. गोर यांच्या बाजूचे ज्येष्ठ नेते वॉरन ख्रिस्तोफर यांना त्यात फारच मवाळ दाखवलंय अशी त्यांनी स्वतः तक्रार केली होती, आणि ती मला खरी वाटते.

आणखी एक विषय मला त्यात जास्त हवा होता, यादीतून उडवलेल्या नावांचा. गुन्ह्यात शिक्षा झालेल्याला तिथे तेव्हा मत देता येत नव्हतं, म्हणून एका खाजगी कंपनीकडून यादी करून घेतली, आणि नाव-जन्मतारीख साधारण जुळली तरी माणूस यादीत, त्यात काळ्या लोकांचं प्रमाण फार जास्त होतं. माझ्या आईचं नाव एका निवडणुकीला असंच यादीतून गायब झालं होतं, ८१ वर्षांची बाई, नऊवारी नेसून माझा हात धरून शाळेपर्यंत चालत आली आणि तशीच परत गेली. लोंबकळणारी टिकली निदान उजेडाकडे धरून बघता तरी येते, आईचं मत कुठल्या कप्प्यात शोधायचं?

२०२४ ला मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल ४८ मतांनी लागला तेव्हा आमच्या घरी पुन्हा हा विषय निघाला आणि नातवाला मी 'रीकाउंट' दाखवला. त्याने शेवटी विचारलं, आजोबा, मग नक्की जिंकलं कोण? मी त्याला सांगितलं की देशभरात गोरना बुशपेक्षा पाच लाखांवर मतं जास्त होती, इलेक्टोरल मतं २७१ विरुद्ध २६६ अशी लागली, आणि ६ जानेवारी २००१ ला संसदेत ती मतं मोजताना अध्यक्षाच्या खुर्चीवर उपराष्ट्राध्यक्ष म्हणून स्वतः गोरच होते. त्यांच्याच पक्षाचे खासदार उठून हरकत घेत होते, हरकतीवर एका सिनेटरचीही सही लागते, ती करायला एकही सिनेटर पुढे आला नाही, आणि गोर यांनी एकेकाला नियम सांगून खाली बसवलं. हे टीव्हीपटात नाही, पण मिळालं तर त्याचं चित्रण वाचकांनी जरूर बघावं.

म्हणून विनंती एवढीच, पुढच्या अंकात दुरुस्ती छापताना "५३७ मतांनी हरलेल्या" हे शब्द काढा आणि "५३७ चा फरक असताना मोजणी थांबवली गेली" असं लिहा.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
जि. सातारा